भिंतीतली फुकट खिडकी: सॅन फ्रान्सिस्कोचं बेसबॉल स्टेडियम

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये रेंज जात असेल किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नसतील, तर हा घ्या लिखित मजकूर. बोलताना मी दोनदा विषय सोडून भलतीकडे गेले होते, ते जरा आवरलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय आहे स्टेडियम. क्रिकेटचं नाही, बेसबॉलचं. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका! बेसबॉलचे नियम येत नसले तरी चालेल. लागतील तेवढे मी सांगते.

माझा मावसभाऊ सनीवेलला राहतो. मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही ठरवलं की सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची एक मॅच बघायची. ॲपवर तिकीट बघितलं तर रात्री एक भाव, सकाळी दुसरा, आणि दुसरा अर्थातच जास्त. मी म्हटलं, "दादा, जाऊ दे रे, टीव्हीवर बघू." तो म्हणाला, "तिकीट राहू दे. तू चल तर खरी, एक गंमत दाखवतो." कॅलट्रेनमध्ये बसलो आणि शेवटच्या स्टेशनला उतरलो. आख्खा डबा केशरी-काळ्या टोप्यांचा होता, त्यामुळे रस्ता विचारायची गरजच पडली नाही.

स्टेडियमच्या मुख्य दारातून न जाता दादा मला मागच्या बाजूने पाण्याच्या कडेने घेऊन गेला. एका हाताला समुद्राची खाडी, दुसऱ्या हाताला विटांची उंच भिंत. त्या भिंतीत मोठमोठ्या कमानी आहेत आणि कमानींना जाळी. जाळीला नाक लावून उभं राहिलं की समोर मैदान. त्या कोपऱ्यातला फिल्डर इतका जवळ होता की त्याच्या पाठीवरचा नंबर तर सोडाच, पँटला लागलेली मातीही दिसत होती. ना तिकीट, ना क्यूआर कोड. रस्त्यावरून चालत यायचं आणि मेजर लीगची मॅच बघायची. तीन इनिंग बघून झाल्या की, मागे लोक वाट बघत असतील, तर जागा सोडायची. एवढाच काय तो नियम.

मी तिथे उभी राहून मॅच कमी आणि भिंत जास्त बघितली. ज्यांनी करोडो डॉलर घालून स्टेडियम बांधलं, त्यांनी भिंतीला भोकं का ठेवली असतील? हा एपिसोड त्याच प्रश्नातून निघालाय. उत्तर शोधायला गेले आणि वारा, मतदान, पागडी, भूकंप असं काय काय हाती लागलं.

आधी मैदान समजून घेऊ. क्रिकेटमध्ये पिच मधोमध असतं आणि बॅट्समन चारी बाजूंना मारतो. त्यामुळे स्टेडियम गोल, आणि कुठेही बसलात तरी साधारण सारखंच. बेसबॉलमध्ये बॅट्समन एका कोपऱ्यात उभा असतो. त्या कोपऱ्याला म्हणतात होम प्लेट. तिथून काटकोनात दोन रेषा निघतात आणि बॉल त्या दोन रेषांच्या मध्येच मारायचा. बाहेर गेला तर फाऊल. म्हणजे मैदान पंख्यासारखं, आणि सगळा खेळ पंख्याच्या मुठीपाशी. म्हणून चांगल्या स्टेडियममध्ये लांबच्या कोपऱ्यातल्या खुर्च्यासुद्धा थोड्या वळवून होम प्लेटच्या दिशेने लावलेल्या असतात. जिथे तसं केलेलं नसतं, तिथे तीन तास मान वाकडी करून बसावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आतली मापं पक्की असतात: बेसपासून बेस ९० फूट, बॉल टाकणारा पिचर होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. पण बाहेरची भिंत किती लांब, किती उंच, तिचा आकार कसा, हे प्रत्येक स्टेडियममध्ये वेगळं. आपल्याकडे कुठे बाउंड्री छोटी, कुठे मोठी, तसंच. म्हणून बेसबॉलमध्ये स्टेडियमचा नकाशा हा निम्मा खेळच असतो. आर्किटेक्टने भिंत दहा फूट पुढे आणली की कुणाच्या तरी करिअरचा आकडा बदलतो.

आणि हे मैदान आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांनी निवृत्त खेळाडूंच्या दोन टीम घेऊन अमेरिकेत तीन टी-ट्वेंटी मॅच खेळवल्या. न्यूयॉर्कचं सिटी फील्ड, ह्यूस्टनचं मिनिट मेड पार्क आणि लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, तिन्ही बेसबॉलची मैदानं. बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून मैदानात बसवली होती. पंख्याच्या आकारात गोल खेळ कोंबायचा म्हणजे कुठेतरी बाउंड्री आखूड होणारच. तिन्ही मॅच वॉर्नच्या टीमने जिंकल्या, हे आपण पटकन बोलून पुढे जाऊ.

तर आपलं स्टेडियम. आजचं नाव ओरॅकल पार्क. ११ एप्रिल २००० ला पहिली लीग मॅच झाली तेव्हा नाव होतं पॅसिफिक बेल पार्क. मग एसबीसी पार्क, मग एटी अँड टी पार्क, आणि २०१९ पासून ओरॅकल. टेलिफोन कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या तशी पाटी बदलत गेली. दादा म्हणतो की तिथल्या माणसाला स्टेडियमचं नाव विचारलं की त्याचं वय कळतं. आता पत्ता मात्र बदलत नाही: २४, विली मेज प्लाझा. हा २४ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच्या आधी जायंट्स खेळायचे कँडलस्टिक पार्कमध्ये. ते १९६० चं, शहराच्या दक्षिण टोकाला, खाडीला लागून. आणि तिथला वारा! दुपार कलली की असा गार वारा सुटायचा की उन्हाळ्यातसुद्धा लोक ब्लँकेट घेऊन यायचे. १९६१ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये स्टू मिलर नावाचा पिचर बॉल टाकायच्या तयारीत असताना वाऱ्याने हलला आणि अंपायरने नियमाप्रमाणे चूक दिली. पुढे क्लबने गंमतच केली. रात्रीची मॅच जादा इनिंगमध्ये गेली आणि तुम्ही शेवटपर्यंत कुडकुडत बसलात, की तुम्हाला एक बिल्ला मिळायचा, शौर्यपदकासारखा. आपल्याच स्टेडियममध्ये बसल्याबद्दल प्रेक्षकाला शौर्यपदक! यापेक्षा प्रामाणिक जाहिरात मी तरी पाहिलेली नाही.

नवीन स्टेडियम हवं होतं हे सगळ्यांनाच मान्य होतं. प्रश्न होता पैसे कोण देणार. अमेरिकेत अशा वेळी क्लबचे मालक शहराला म्हणतात, "तुम्ही बांधून द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या शहरात जातो." आणि बरीच शहरं घाबरून करदात्यांचा पैसा देतात. इथे तो प्रश्न मतदानाला गेला. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मतदार म्हणाले नाही. १९८९ मध्ये पुन्हा मतदान ठरलं, आणि बरोबर त्याच्या आधी, १७ ऑक्टोबरला, भूकंप झाला. तोही केव्हा? कँडलस्टिकमध्ये वर्ल्ड सिरीजची मॅच सुरू व्हायच्या बेतात असताना. तीव्रता ६.९. शहरात घरं पडलेली, पुलाचा तुकडा कोसळलेला, आणि तीन आठवड्यांत लोकांना विचारलं जातंय की स्टेडियम बांधायचं का. अगदी थोडक्या मतांनी प्रस्ताव पडला. मग १९९० मध्ये सँटा क्लारा काउंटी, १९९२ मध्ये सॅन होजे. तिथल्या लोकांनीही नाहीच म्हटलं.

चार वेळा नकार. १९९२ मध्ये क्लब जवळजवळ फ्लोरिडाला विकला गेला होता. पीटर मॅगोवन यांच्या गटाने सुमारे १० कोटी डॉलरला तो घेतला आणि शहरात ठेवला. आणि मग त्यांनी वेगळा रस्ता धरला: बांधकाम आमच्या पैशाने, तुम्ही फक्त परवानगी द्या. मार्च १९९६ मध्ये मतदारांसमोर प्रश्न आला तो किनाऱ्यावर एवढं उंच बांधकाम करू द्यायचं का, इतकाच. या वेळी लोक हो म्हणाले, मोठ्या फरकाने. जागा होती चायना बेसिन. १९८९ ला जो भाग नाकारला, तोच.

खर्च आला सुमारे ३५.७ कोटी डॉलर. १९६२ च्या डॉजर स्टेडियमनंतर खाजगी पैशातून उभं राहिलेलं मेजर लीगचं हे पहिलं मैदान. अगदी शंभर टक्के खाजगी म्हणता येणार नाही. शहराच्या पुनर्विकास यंत्रणेने वाढीव करातून थोडी रक्कम दिली होती आणि जमीन बंदर विभागाची, भाड्याने घेतलेली. पण मुख्य भार क्लबचा. नाव विकून पैसे आले, कर्ज काढलं, आणि तिसरा मार्ग तर मुंबईकरांना लगेच कळेल असा आहे: पागडी. खरंच! हजारो चांगल्या खुर्च्यांसाठी क्लबने एकरकमी पैसे घेतले. बदल्यात तिकीट नाही मिळालं, त्या खुर्चीचं सीझन तिकीट दरवर्षी विकत घ्यायचा हक्क मिळाला. भाडं दर महिन्याला वेगळं, तसंच.

आता बघा, मतदारांनी पैसे नाकारले त्याचा डिझाइनवर काय परिणाम झाला. जागा छोटी, साधारण १३ एकर. शहराला चिकटलेली, एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला पाणी. पार्किंगचा समुद्र पसरायला जागाच नाही. होम प्लेटपासून उजव्या कोपऱ्याकडे बघाल तर पाणी इतकं जवळ की भिंत ३०९ फुटांवर संपवावी लागली. १९५८ नंतरच्या नव्या मैदानांना लीगचा नियम होता की दोन्ही कोपरे किमान ३२५ फूट असावेत. इथे सवलत घेतली.

३०९ फूट म्हणजे ९४ मीटर. आयपीएलमध्ये ९४ मीटरचा सिक्स गेला की कॉमेंटेटर खुर्चीतून उठतो. इथे तो सगळ्यात जवळचा कोपरा! पण बेसबॉलवाल्यांसाठी ९४ मीटर म्हणजे फारच सोपं. मग भिंत उंच केली, २४ फूट. दोन मजल्यांच्या वर. आणि २४ च का? जायंट्सचा सर्वांत मोठा खेळाडू विली मेज, ६६० होम रन, जर्सी नंबर २४. पुढच्या दारात त्याचा पुतळा आहे आणि भोवती २४ ताडाची झाडं. २०२४ मध्ये तो गेला तेव्हा लोक फुलं घेऊन याच पुतळ्यापाशी जमले.

कोपरा जवळ, पण तिथून मधल्या बाजूला भिंत झपकन लांब जाते. मूळ नकाशात सर्वांत लांबचा बिंदू ४२१ फुटांवर होता, म्हणजे १२८ मीटर. दुसऱ्या कुठल्या मैदानात होम रन ठरला असता असा फटका इथे भिंतीच्या अलीकडे पडतो आणि फिल्डर त्याच्यामागे धावत सुटतो. तोवर बॅट्समन तिसऱ्या बेसपर्यंत पोचतो. म्हणून त्या कोपऱ्याला नावच पडलं ट्रिपल्स ॲली, तीन बेसची गल्ली.

आणि भिंतीपलीकडे पाणी. बॉल भिंत ओलांडून थेट खाडीत पडला की त्याला म्हणतात स्प्लॅश हिट. जायंट्सचा खेळाडू असेल आणि बॉल मध्ये कुठे टप्पा न खाता पाण्यात गेला, तरच मोजतात. पहिला बॅरी बॉन्ड्सने १ मे २००० ला मारला आणि एकट्याने एकूण ३५ मारले. मॅचच्या दिवशी लोक छोट्या होड्या घेऊन त्या पाण्यात तरंगत असतात. एका हातात वल्हं, एका हातात जाळी, कानाला रेडिओ. नदीवर मासे धरायला बसतात ना, अगदी तसे चेहरे. त्या पाण्याला जायंट्सच्या दुसऱ्या दिग्गजाचं, विली मॅककोव्हीचं नाव दिलंय: मॅककोव्ही कोव्ह.

वाऱ्याचं काय झालं, हा माझा आवडता भाग. खाडीकाठचं हे शहर, वारा काही कँडलस्टिकमध्येच राहायला नव्हता. यूसी डेव्हिस विद्यापीठातले प्राध्यापक ब्रूस व्हाइट यांनी स्टेडियमचं छोटं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं. म्हणजे एका लांब बंद खोलीत पंख्याने वारा सोडायचा आणि मॉडेलच्या कुठल्या भागात किती वेग येतो ते मोजायचं. त्यांच्या अभ्यासावरून मैदानाचं तोंड कुठे करायचं ते ठरलं. पश्चिमेकडून येणारा वारा आधी उंच प्रेक्षक सज्जांना थडकावा आणि आतल्या लोकांना थोडा आडोसा मिळावा, अशा पद्धतीने. थंडी संपली का? छे! संध्याकाळच्या मॅचला जॅकेट लागतंच. पण शौर्यपदक वाटायची वेळ आली नाही.

डिझाइन केलं एचओके स्पोर्ट या कंपनीने, आज तिला पॉप्युलस म्हणतात. याच कंपनीने १९९२ मध्ये बाल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स केलं होतं. त्याआधी अमेरिकेत फॅशन होती काँक्रीटच्या गोल मेदुवड्यांची. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही त्यातच, त्यामुळे दोन्हीही धड नाहीत. कॅमडेनने दाखवलं की शहराच्या आत, विटांचं, फक्त बेसबॉलसाठी, बेताच्या आकाराचं मैदान जास्त चालतं. तिथे रेल्वेचं एक जुनं लांबलचक गोदाम पाडण्याऐवजी मैदानाचा भाग बनवलं. त्यानंतर सगळ्यांनाच विटा हव्या झाल्या. काही ठिकाणी तो नुसता मेकअप वाटतो. ओरॅकल पार्कमध्ये मला तसं वाटलं नाही, कारण तिथला वाकडेपणा खरोखर जागेमुळे आलाय.

आता आपण त्या खिडकीपाशी परत येऊ. जमीन बंदराची, म्हणजे सार्वजनिक. आणि सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठावर काहीही बांधायचं तर लोकांना पाण्यापर्यंत जायची वाट मोकळी ठेवावी लागते. १९६० च्या दशकात खाडीत भराव टाकून टाकून ती आटत चालली होती, तेव्हा लोक उठले आणि १९६५ मध्ये राज्याने खास आयोग नेमला. तेव्हापासून हा आग्रह आहे. म्हणजे भिंत आणि पाणी यांच्यामधली ती वाट क्लबची मेहेरबानी नव्हे, ती लोकांचीच आहे. पण वाट सोडणं वेगळं आणि भिंतीत कमानी ठेवणं वेगळं. सपाट भिंत बांधून मोकळे होता आलं असतं. दोन वेळा "आमच्या पैशाने नको" म्हणालेल्या शहराला क्लबने म्हटलं, ठीक आहे, पण या, बघा. अमेरिकेत पूर्वी पोरं लाकडी कुंपणाच्या फळीतल्या भोकातून मॅच बघायची, तीच जुनी गोष्ट इथे विटांमध्ये बांधली. आणि धंदा म्हणून बघितलं तरी आज जाळीशी उभं राहिलेलं पोरगं उद्या तिकीट काढणार, हे न कळण्याइतका कोणी भाबडा नसतो.

कारण याच क्लबची दुसरी बाजूही ऐका. कॅब बुक करताना पाऊस आला की भाडं वाढतं ना? तसं तिकिटाचं करायची सुरुवात बेसबॉलमध्ये जायंट्सनीच केली. २००९ मध्ये थोड्या खुर्च्यांवर करून बघितलं आणि २०१० मध्ये सगळीकडे. समोर कोण टीम आहे, वार कोणता, हवा कशी, यावर भाव रोज हलतो. आम्हाला ॲपवर रात्री एक आणि सकाळी एक भाव दिसला तो यामुळे. एका भिंतीच्या बाहेर फुकट आणि आत मिनिटामिनिटाला हिशोब! दोन्ही एकाच मालकाचं. मला यात ढोंग दिसत नाही, पण भिंतीतली खिडकी बघून भारावून जाताना हेही माहीत असावं.

सोयींबद्दल बोलते. (दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या मजल्याचं स्वस्तातलं तिकीट काढून आतही गेलो होतो, हे सांगायचं राहिलं.) आपल्याकडच्या एका मोठ्या स्टेडियममध्ये मी एकदा खांबामागे बसून आख्खी वन-डे ऐकली आहे. हो, ऐकलीच! दिसत फक्त डीप मिडविकेट होता. दारात पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाणी संपलेलं, आणि बायकांच्या टॉयलेटची रांग एवढी की दोन विकेट गेल्या. त्यामुळे कुठल्याही स्टेडियममध्ये गेले की मी आधी तीन गोष्टी बघते: दिसतंय का, प्यायला पाणी आहे का, आणि टॉयलेट.

दिसण्याचं म्हणाल तर सर्वांत वरच्या रांगेतूनही मैदान स्वच्छ दिसतं आणि वर खाडी, पूल, जहाजं. डोळे मैदानावर ठेवणंच अवघड. पाण्याची सीलबंद बाटली आत नेता आली, घरचा डबाही. आम्ही पोळीभाजीचा रोल खाल्ला. नियम बदलत असतात, जाण्याआधी वेबसाइट बघा. टॉयलेटचं कारण रंजक आहे. सार्वजनिक ठिकाणी बायकांसाठी पुरेशी टॉयलेट हवीत, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये केला, अमेरिकेत पहिल्यांदा. हे स्टेडियम त्याच्या नंतरचं, म्हणून तो विचार नकाशातच आहे. नंतर कुठेतरी कोपऱ्यात चिकटवलेला नाही. व्हीलचेअरचंही तेच. १९९० च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानंतर तिथे फक्त उतार बांधून भागत नाही. पुढचे लोक उभे राहिले तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला मैदान दिसलं पाहिजे, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. आपल्याकडे सिक्स गेला की सगळे उभे राहतात, तेव्हा बसलेल्याला काय दिसतं, याचा विचार करून बघा.

वाय-फाय तर फार आधी आलं. २००४ मध्ये या स्टेडियमभर प्रेक्षकांसाठी वाय-फाय होतं. पहिला आयफोन २००७ चा! म्हणजे लोक लॅपटॉप मांडीवर घेऊन मॅच बघत असणार. सिलिकॉन व्हॅलीचंच गिऱ्हाईक, त्यामुळे हेही शक्य आहे.

डाव्या बाजूच्या सज्जामागे कोका-कोलाची ८० फुटी आडवी बाटली आहे, तिच्यात मुलांसाठी घसरगुंड्या. शेजारी २६ फूट उंच जुन्या पद्धतीचा ग्लोव्ह, आणि पोरांना खेळायला एक चिमुकलं मैदान. बाटली ही सरळसरळ जाहिरात आहे आणि माझ्या मते मैदानातली सर्वांत कुरूप गोष्ट. पोरांना अर्थात ती सर्वांत जास्त आवडते. मधल्या भिंतीमागे २०१४ पासून भाजीपाल्याची बाग आहे, तिथलं काही तिथल्याच स्टॉलवर वापरतात. आणि वास येतो तो सगळीकडून लसणाचा. गार्लिक फ्राइज ही इथली ओळख. दक्षिणेला गिलरॉय नावाचं लसणासाठी प्रसिद्ध गाव आहे. पुढच्या रांगेत कोणी डबा उघडला की आपल्याला वडापावची चटणी आठवते. शेवटच्या इनिंगला सीगल पक्षी येतात, सांडलेले फ्राइज वेचायला. त्यांना मॅच संपायची वेळ बरोबर कळते.

येण्याजाण्याचं मात्र मनापासून कौतुक. पार्किंगला जागा नव्हती, ती अडचणच सोय झाली. कॅलट्रेनचं स्टेशन चालत पाच मिनिटांवर, ट्राम दारात, मागच्या बाजूला बोटीचा धक्का, आणि सायकल लावायला फुकट जागा. सायकल देऊन टोकन घ्यायचं, देवळाबाहेर चपला ठेवतो तसं.

सगळंच पहिल्यापासून बरोबर नव्हतं हेही सांगायला हवं. वॉर्म-अप करणारे पिचर आधी मैदानाच्या कडेलाच उभे असायचे. कॅचमागे धावणारा फिल्डर तिथल्या उंचवट्याला अडखळायची भीती होती. २०२० मध्ये ती जागा मधल्या भिंतीमागे हलवली आणि ओघाने भिंतीही थोड्या आत आल्या. ४२१ चे ४१५ झाले, मधला भाग ३९९ वरून ३९१. गल्ली जरा आखूड झाली म्हणून जुने चाहते हळहळले. त्याच सुमारास लीगच्या सगळ्या मैदानांमध्ये प्रेक्षकांपुढची संरक्षक जाळी वाढवली गेली. फाऊल बॉल फार वेगाने सज्जात जातो आणि लोक, लहान मुलंसुद्धा, गंभीर जखमी झाली होती. जाळीने दृश्य बिघडतं अशी कुरकुर तेव्हा झाली. मी जाळीमागे बसले होते, पाचव्या मिनिटाला ती दिसेनाशी झाली.

खाडीच्या पलीकडे, ओकलंडला, याच्या उलट गोष्ट घडली. तिथलं कोलिझियम म्हणजे जुना काँक्रीटचा मेदुवडा. नव्या मैदानाचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २०२४ च्या सीझननंतर तिथला बेसबॉल क्लब शहर सोडून गेला. रिकाम्या मैदानात जून २०२५ मध्ये मेजर लीग क्रिकेट आलं. पहिल्याच मॅचला फिन ॲलनने ५१ बॉलमध्ये १५१ काढले, १९ सिक्स. बे एरियातल्या मराठी मंडळींना क्रिकेट मिळालं, पण त्याच खुर्च्यांवर आयुष्य काढलेल्या ओकलंडकरांची टीम गेली ती गेलीच.

कोणी त्या बाजूला जाणार असाल तर मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी पाण्याकडच्या वाटेवर पोचा, म्हणजे जाळीपाशी जागा मिळते. जॅकेट न्या. आमच्या शेजारी एक आजोबा उभे होते, कानाला छोटा रेडिओ, कारण तिथून स्कोअरबोर्ड नीट दिसत नाही. तिसरी इनिंग संपली तेव्हा मागे एक बाई दोन मुलांना घेऊन उभी होती. आजोबा बाजूला झाले, धाकट्याला पुढे ढकललं आणि रेडिओ कानाला लावूनच खाडीच्या कठड्याला टेकून राहिले.

पुढच्या आठवड्यात भेटू. विषय तुम्ही सुचवा, व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल.